कामाचे दहा दिवस

वूस्टरला, मफलरच्या गॅरेजवर आमचं ऑफिस.
जिन्याला रबराचा वास. मी फॉर्म भरते.
कुठली इमारत, कितवा मजला,
पाइपावरचं किती फूट, छताचं किती चौरस फूट,
कोण काढणार, त्याचा परवाना नंबर,
नंतरची हवा कोण मोजणार, त्याचा वेगळा परवाना,
काढलेलं कुठल्या खड्ड्यात पुरणार.
मग राज्याला कळवायचं आणि थांबायचं
कामाचे दहा दिवस.
शनिवार-रविवार धरायचे नाहीत.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
म्हणजे सुतकच की गं.
म्हटलं, हो. फक्त इथे आधी पाळतात.

झिगमुंटला हे समजावता आलं नाही.
माझ्या इंग्रजीत सुतक नाही,
त्याच्या इंग्रजीत बरंच काही नाही.
पण सोवळं त्याला शिकवावं लागत नाही:
पांढरा कागदी सूट, प्लास्टिकच्या तीन खोल्या,
मधलीत आंघोळ, अंगावरचं तिथेच टाकून यायचं,
आणि काढायचं ते ओलं करूनच.
कोरड्याला हात नाही.
कोरडं उडतं. उडालेलं दिसत नाही.
न दिसणारं चाळीस वर्षं छातीत बसून राहतं,
त्याला घाई नसते,
परवानाही लागत नाही.

गेल्या मार्चात तो पेन्सिलीने लिहिलेला कागद घेऊन आला.
मालक: झिगमुंट पोरेम्बा.
कंत्राटदार: झिगमुंट पोरेम्बा.
तळघर, चौदा फूट पाइप.
मागून हालिना, धापा टाकत, जिन्यातूनच:
एका दुपारचं काम! कोण मेलं येतंय बघायला?

तो म्हणाला, तू फॉर्म भर.

क्विन्सीच्या गोदीत, बोटीच्या पोटात,
एकोणीस वर्षांचा असताना
तो हे पोत्यातून काढून हाताने कालवायचा.
जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून
पोरं एकमेकांना मारायची, बर्फ म्हणून.
तेव्हा कुणी कुणाला कळवलं नव्हतं.
ती पोरं तो बोटांवर मोजतो, एकेक बोट मिटत.
अंगठा तेवढा उघडा राहतो.

तळघराला कुलूप. वॉशिंग मशीन त्या पाइपाखालीच,
म्हणून हालिना सुटे क्वार्टर घेऊन
बर्फाच्या चिखलातून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत,
पोलिशमध्ये सरकारचा उद्धार करत.

आठव्या दिवशी राज्याचा फोन.
मॅडम, चार मार्च तर होऊन गेला.
मी तीन एप्रिल लिहिला होता,
दिवस आधी, महिना नंतर, आपल्याकडच्यासारखा.
वीस वर्षं इथे, आणि हात अजून तिकडचा.
नवा फॉर्म. पुन्हा पहिल्यापासून दहा.

मला वाटलं, आता हा टेबल उलटवणार.
तो टोपी काढून खुर्चीत बसला,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला,
बरं. मोज.

अकराव्या दिवशी दुपारी आला,
थेट आंघोळीतून, केस गळत होते.
चौदा फूट, दोन पिशव्यांत, एकात एक.
खाली वाकून त्याने सही केली.
कागदावर टपकन थेंब पडला,
'मालक'च्या रकान्यात शाई पसरली.
मी टिपकागद उचलला, परत ठेवला.
ओलं असलेलंच बरं.