डावा खुबा, दोन फोटो

एक्स-रेच्या खोलीत, टेबलाच्या काचेखाली
डॉक्टर बांदिवडेकरांनी सरकवलेला कागद आहे:
खुब्याच्या अडकणीबद्दल तज्ज्ञांचं एकमत.
देशोदेशीची माणसं, एकेका वाक्यावर मतदान,
जमलं नाही तिथे पुन्हा मतदान.
देवगडच्या कुठल्याच सभेत एवढा धीर नसतो.

कागद म्हणतो, आधी साधा फोटो.
कमरेचा समोरून, मग मांडीच्या हाडाच्या मानेचा बाजूने.
माकडहाडाचं टोक पुढच्या जोडाच्या रेषेत यावं,
बोटभर वर.
माणूस जरा कलला
तरी निरोगी उखळ खोल दिसते
आणि फोटो खोटी साक्ष देतो.

वैजयंती जुवाटकर, वय एकतीस, मिठमुंबरी.
सुकतीला खडपावर उकिडवी बसून कालवं फोडते.
‘उठताना हयसर चावता,’ म्हणाली,
आणि अंगठा पुढे, बोटं मागे, खुबा असा धरला
जशी कुर्ली धरतात, नांगी चुकवून.

वाडीचं एकमत कधीच झालेलं.
सासू म्हणाली वात, दीर म्हणाला कामाचा कंटाळा,
कोणी तेल दिलं, कोणी गाऱ्हाणं घालायला सांगितलं.
मत घ्यायचं राहिलं ते तिचं.

झोपवली. पावलं आत वळवून
दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या लावल्या, वाळू इथलीच.
दुसऱ्या फोटोला मांडीखाली फणसाची पाचर,
पंचेचाळीस अंशांची,
काशिराम मेस्त्रींनी रंधा मारून दिलेली.
पैसे घेतले नाहीत त्यांनी. एवढंच विचारलं,
‘कुठच्या होडयेक?’

श्वास धरा. हलू नका. सोडा.

गोळा मानेला मिळतो तिथे बाक हवा.
तिथे भर होती,
फळीत तासायची राहिलेली गाठ असावी तशी.
कोन मोजला. चौसष्ट.

आता जे रजिस्टरात नाही ते.
मशीन नवं आलं तेव्हा चाचणीला कोणीतरी
आडवं व्हायला हवं होतं. मी झालो.
माझा कोन अडुसष्ट.
मी रोज सायकलने जामसंड्याचा चढ काढतो,
मोरीत उकिडवा बसून बांगडे साफ करतो,
आणि मला कुठे काही चावत नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला हे आहे:
नुसता उंचवटा म्हणजे आजार नव्हे.
दुखणं, हाताची तपासणी, फोटो,
तिघांनी एकच बोलावं.
आणि कोन कितीच्या पुढे मोठा
यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.
ही ओळ मी अधूनमधून वाचतो. बरं वाटतं.

डॉक्टरांनी तिचा गुडघा छातीकडे नेला, आत वळवला.
ती ओरडली नाही, टेबलाची कड धरली.
बोटांवर शिंपल्यांचे पांढरे वण.
‘तीन महिने व्यायाम. उकिडवं बसायचं नाही.
नाहीच थांबलं तर कोल्हापूरला एमआरआय,
सांध्यात औषध सोडून.’
‘मगे खडपार खुर्ची न्हेव काय?’
डॉक्टर हसले. ती हसली नाही.

फोटो सुकेपर्यंत बाकावर बसली, एका कुशीवर.
मी का बोललो कोण जाणे, म्हटलं, असलीच गाठ मलाही आहे.
तिने माझ्या कमरेकडे पाहिलं.
‘मगे तुमका कित्या दुखणा नाय?’
हे त्या कागदात नाही. दोन्ही बाजूंना नाही.

दीडची सुकती होती. तिला घाई.
पाकीट हातात घेतलं, परत पुढे केलं.
‘खरांच दुखता, असा लिवन द्या.
घराकडे दाखवूक होया.’

असं लिहायचा अधिकार मला नाही.
मी नाव लिहिलं, तारीख लिहिली,
डावा खुबा, दोन फोटो.
पेनाचं टोपण लावलं. काढलं.
खाली लिहिलं: दुखतं.