पेन्सिलीचा रकाना

फ्रिसलंडच्या बंधाऱ्याखालून
दिवसातून दोनदा समुद्र उठून जातो
आणि मागे उरतो मैलोगणती गाळ.
त्याला जमीन म्हणवत नाही, पाणीही म्हणवत नाही.
आपल्याकडची मुलं खेळतात ना तळ्यात-मळ्यात,
तसा. फक्त इथे
चुकलेला गडी नुसता बाद होत नाही.

चित्स्के एकतीस वर्षं माणसं पलीकडच्या बेटावर नेते,
गाळातून, पायी.
तिच्या वहीत तारीख, वारा, ओहोटीची वेळ, माणसं किती,
सगळं शाईनं.
चराच्या खोलीचा रकाना तेवढा पेन्सिलीनं,
आणि निघायच्या आदल्या रात्री
त्यात एकच शब्द: बघू.

येल्मर, तिचा उमेदवार, बावीस वर्षांचा,
फोनमध्ये उपग्रहाचे नकाशे घेऊन फिरणारा,
त्या शब्दावर हसला होता पहिल्यांदा.
ती म्हणाली, वीब्रेनला माहीत होता हा चर.
इतकंच.
बाकीचं त्याला गावात कळलं:
वीब्रेनची पक्की वाट, मागून चालणारी चौदा माणसं,
हिवाळ्यात कूस बदललेलं पाणी,
आणि छातीपर्यंत आलं तरी तो म्हणत होता म्हणे,
इथं गुडघाभरच असतं.
सगळी वाचली. वीब्रेन मात्र
तेव्हापासून बंधाऱ्यावर मेंढ्या राखतो,
आणि कुणी वेळ विचारली तर घड्याळात दोनदा बघतो.

आज सप्टेंबरातला मंगळवार. नऊ माणसं.
येल्मरच्या खिशात रॉटरडॅमच्या कंपनीचं पत्र,
शुक्रवारपर्यंत हो की नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
चालता चालता तो विचारतो,
तू काय केलं असतंस?
ती काठी रोवते. उपसते. ओल कुठवर चढली बघते.
म्हणते, पाय उचलत राहा, थांबलास की रुतशील.
हे उत्तर होतं की सूचना,
त्याला कळत नाही.

चर आला.
पलीकडे बेटावरच्या हॉटेलची लाल छत्री,
इतकी जवळ की कॉफीचा वास यावा.
काठी बुडाली मांडीइतकी. दोन पावलं पुढे, कमरेइतकी.
तिसऱ्या जागी तळ लागला, पण मऊ.
एक कालवफोड्या ओरडत गेला.
नऊ जण तिच्या तोंडाकडे.

मला माहीत नाही, ती म्हणाली.

येल्मरनं आजवर कुणालाच
हे इतक्या मोठ्यानं म्हणताना ऐकलं नव्हतं,
मान खाली न घालता.
नाडीवर बोट ठेवून डॉक्टर गप्प बसतो,
तशी सहा मिनिटं ती पाणी बघत राहिली.
मग म्हणाली, मागे.

परतताना एक गृहस्थ कुरकुरले:
पैसे, बूट, सुट्टीचा दिवस,
सहज जमलं असतं हो!
जमलं असतं कदाचित, ती म्हणाली,
आणि त्यांच्या बायकोला हात देऊन
एका खळग्यातून वर काढलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वही.
तिनं पेन्सिलीला टोक केलं, 'बघू' खोडलं,
लिहिलं: परतलो. ओलांडता आलं असतं, बहुतेक.
'बहुतेक'वर पेन्सिल जरा दाबून.
येल्मरनं मागची पानं चाळली.
एकतीस वर्षांत किती बहुतेक!
एकाचाही निकाल पुढे लागलेला नाही,
आणि माणसं मात्र सगळी घरी पोचलेली.

त्यानं खिशातलं पत्र काढून टेबलावर सपाट केलं.
पेन मागणार होता.
चित्स्केनं न बघताच पेन्सिल त्याच्याकडे सरकवली,
म्हणाली,
दूध उतू जातंय, बघ आधी.