भट्टीवाली

झुगदीदीतल्या जुन्या बँकेच्या तळघरात
मंगळवारी माणसं माती मळतात.
मी भट्टी सांभाळते. डॉक्टरकी मला कळत नाही,
आत हवा राहिलेली माती आगीत फुटते, एवढं कळतं.

बोंदो काठी टेकत येतो. एके काळी चहाच्या कारखान्यात फोरमन.
तीस वर्षांपूर्वी एंगुरी ओलांडून आलेला,
त्या रात्रीबद्दल ब्रही न काढलेला.
नातेला (तिला सगळे डॉक्टर म्हणतात, ती नको म्हणते)
काही विचारत नाही. गोळा पुढे सरकवते
आणि स्वतःचं काहीतरी वाकडंतिकडं करत बसते.

दोन महिने त्याने गोळा नुसता थापटला.
मग एक कुत्रा केला,
वीतभर, एक कान पडलेला.
संध्याकाळी अंगठ्याने दाबून पुन्हा गोळा.
पुढच्या मंगळवारी तोच कुत्रा, तोच कान,
तोच अंगठा.
असे अकरा.
मी मोजले, कारण फळीवर माझी चिठ्ठी तयार असायची
आणि चिकटवायला काही नसायचं.

बाराव्या खेपेला कुत्रा नाही.
शेवया वळाव्यात तशी माती वळत बसला,
कडीत कडी, कडीत कडी, सत्तावीस.
बाहेर अंधारलं. नातेला दिवा लावायला उठली नाही.
तो म्हणाला, टेबलाला म्हणाला:
"फाटकापाशी बांधला होता.
ट्रक निघाला. बायको, पोरं, गाद्या, शिलाई मशीन.
सगळं घेतलं म्हटलं.
पुलावर आठवलं."

पलीकडे त्सिआला आपल्या डाळिंबाला दाणे लावत होती.
लावतच राहिली, फक्त सावकाश.

मन हलकं झालं का, असं मी विचारणार होते.
बरं झालं, तेवढ्यात भट्टीचा पंखा कोकलला.

साखळी वाळली. बारीक आहे, तडकेल, मी बजावलं.
तो म्हणाला, "घाल."
सकाळी झाकण उघडलं तर तीन ठिकाणी तुटलेली.
आठवडाभर माझ्या पोटात गोळा.
मंगळवारी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवले.
त्याने एक कडी उचलली, कानाशी नेली,
टिचकी मारली.
वाजली.
"भाजलीय नीट," म्हणाला,
आणि माती मागितली, नेहमीच्या दुप्पट.

हा कुत्रा मोठा निघतोय.
भट्टीच्या दारातून आत जाईल की नाही,
मी आज पट्टी लावून बघणार आहे.