केसभर मागं

शाहूपुरीत मुजावरांच्या दुकानात
काचेवर दोन पेडल: एक निळा, एक शेंदरी.
इर्शाद म्हणाला, "बसून वाजव निवांत.
दुपारचं कोण येतंय इकडं?"

निळ्यातून सूर डुलत निघाला. गोड.
पण जाड तारेवर आले
आणि तळच गेला,
पाहुणे वाढले म्हणून
तांबड्या रश्शात तांब्याभर पाणी ओतावं तसा.

शेंदरी वापरलेला. एका खुंटीचं टोपण नाही.
पालथा केला तर खिळ्यानं कोरलेलं: परत दे.
हा खालच्या सुराला हात लावत नाही,
वरच्याला तेवढा जोडीदार देतो.

"दोघं एकच वाजवत्यात," इर्शाद समजावतो,
"पर एक जरा मागं."

आमचे आबा आणि धोंडबा लोहार
बँडात शेजारी शेजारी क्लॅरिनेट फुंकायचे,
सव्वीस लग्नसराया.
धोंडबा कायम केसभर मागं.
वरातीहून आले की आबा टोपी आपटायचे:
ह्येच्यापायी माझा सूर फाटतोय.
धोंडबाच्या जागी मग नवा पोरगा आला,
तंतोतंत वाजवणारा.
आबा जेवताना म्हणाले,
बँड ल्हान झाल्यागत वाटतोय.

वेगाची खुंटी मी खाली आणली,
खोलीची त्याहून खाली.
"एवढं कमी? मग ऐकू काय येणार?"

निळ्याला पावती मिळते, गॅरंटी मिळते.
शेंदरी बावीसशे, बोली नाही.

पट्टा खांद्यावरच होता.
जाड तार पुन्हा एकदा छेडली,
थांबले.
मग म्हटलं, नऊ व्होल्टची बॅटरीही दे.