डावा कोपरा

सोहार बंदराच्या गेटाशी एक पाटी आहे.
अपघाताविना दिवस : ४१२.
रोज सकाळी एक स्वाती पठाण पोरगा शिडीवर चढतो,
हेल्मेट घालून, एकाचाच आकडा वाढवतो.

कंटेनरवरून उतरताना माझा पाय वळला.
पाऊल तिथंच राहिलं, मी पुढे गेलो.
आत सुटलं काहीतरी,
ताणातला ओला दोर सुटतो तसं.
वीस वर्षं रिगर आहे. तो आवाज मला कळतो.

सेफ्टीवाल्या सुलेमानसाहेबांनी पाणी दिलं,
पंखा माझ्याकडे वळवला, दार लावून घेतलं.
सहदेव, तू शुक्रवारी कबड्डी खेळतोस ना?
शाळा सुटल्यापासून मी कबड्डी कबड्डी म्हटलं नव्हतं.
खिडकीतून पाटी दिसत होती.
हो, म्हटलं. खेळतो.

पैसे कंपनीने भरले.
कागदावर कुठलं कलम लावलं, देव जाणे.

इराकी डॉक्टर एमआरआयवर बोट ठेवून म्हणाले, ग्राफ्ट.
म्हणजे कलमच की.
पण आमच्या गुहागरात कलमाला दोन झाडं लागतात,
रायवळाचं रोप, हापूसची काडी.
इथे झाड एकच.
मांडीमागच्या दोन कंडरा काढायच्या,
मांस खरवडायचं, दुमडून चार पदरी करायच्या,
टोकं शिवायची, आठ मिलिमीटरच्या भोकातून ओवून जाडी बघायची,
मग हाडात बोगदे पाडून ओढून घ्यायच्या.
वर बटण, खाली स्क्रू.

किती टन घेईल? मी विचारलं.
ते हसले. मी थट्टा करत नव्हतो.
ज्या स्लिंगला टॅग नाही तिला आम्ही हात लावत नाही.

मग त्यांनी विचारलं, कुठे खेळतोस?
डावा कोपरा.
तोंडातून कसं आलं कोण जाणे.
त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं.

तिसऱ्या महिन्यात वाटलं, झालं.
कॅम्पचा जिना बिनकाठीचा चढलो,
तर फिजिओ लिजी अंगावर आली.
आत्ता सांभाळ, म्हणाली, हिंदीत, मल्याळी हेल काढून.
जागा बदललेली दोरी आधी मरते.
तिचं रक्त तुटलेलं असतं.
ऑपरेशनच्या दिवशी होती तेवढी घट्ट ती आज नाही.
मग नवं रक्त शिरतं, सावकाश.
आधी तिचं काम ओढायचं होतं, आता धरून ठेवायचं.
शिकायला वर्ष लागतं तिला. कधी जास्त.

रात्री गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पडलो.
वरच्या खाटेवर कुणीतरी घरी फोनवर बोलत होतं,
सगळं बरं आहे, सगळं बरं आहे.
मी इथे नवा आलो तेव्हा
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नऊ महिने झाले.
लिजीने एका पायावर उड्या मारून घेतल्या, टेपने मोजल्या.
चांगल्या पायाच्या नव्वद टक्के.
डॉक्टरांनी लिहून दिलं : कबड्डी खेळण्यास हरकत नाही.
कंटेनरवर चढण्याबद्दल काही नाही.
त्यांना ते कुणी विचारलंच नव्हतं.
येताना पाटी बघितली. ७०६.

शुक्रवारी गेलो.
गोदामांमागची वाळू, चुन्याऐवजी सिमेंटची रेघ,
देवरुखची चार पोरं, आंध्रची दोन, एक बलुची.
काका, वय?
छेचाळीस.
आपसात बघितलं त्यांनी. कुठे उभे राहणार?

डावीकडे गेलो, शेवटच्या माणसाच्याही पलीकडे,
आणि शेजारच्या पोराचा हात धरला.
त्याच्या तळव्याला वाळू होती, माझ्या तळव्याला घाम.
समोरून दम धरून एकजण आला,
लांब हातांचा, अनवाणी.
मी गुडघा वाकवला.
तो माझ्या त्याच पायाकडे बघत होता.