तारांकित

पंजकेंतला, जरफ्शानच्या काठी
उस्तो नूरअली चिखल तुडवतो.
"हिला काय म्हणता?"
"खिश्त."
मी वहीत लिहिते: खिश्त, इष्टका,
आणि वर त्यांचा पूर्वज, कुणीच न ऐकलेला.
त्याच्या डोक्याशी एक तारा,
म्हणजे अंदाज.
तोही म्हणे उसना,
आधीच्या कुणा थापणाऱ्यांचा,
ज्यांचं नावसुद्धा उरलं नाही.

"तुमच्यात काय?"
"वीट. आणि कंटाळा येतो ना, तोही वीटच."
नूरअली इतका हसतो की साचा तिरका पडतो.
तेवढ्यात गुलचेहरा ओरडते: कुत्रं!

ओल्या रांगेवरून ते आरामात चालत गेलंय.
उस्तो पुसत नाही,
ती वीट तशीच उन्हाकडे सरकवतो.

चार बोटं, मागे खळगा.
माझा तारा
इतकाही खोल नाही.