शेपटीच्या मुळाशी

कुपीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली:
कूळ खरबीचं. लांबी अठरा मिलिमीटर.
कालेदुपा बेटासमोर, बाजो वस्तीच्या पश्चिमेला, दोन वाव पाणी.
पकडणारा, पोंडांग.
जातीच्या रकान्यात एक नाव, पुढे प्रश्नचिन्ह.
तेवढं पेन्सिलीनं,
खोडता यावं म्हणून.

स्पिरिटमध्ये दुसऱ्याच दिवशी रंग गेला.
उरलं ते शिजलेलं शीत,
आणि मोहरीएवढे दोन डोळे, उघडेच.
मकास्सरच्या खोलीत पंखा बंद करून
(तो चालू असला की मासळी थरथरते, जिवंत वाटते)
भिंगाखाली मी पाठीवरचे काटे मोजले.
पहिल्या पराचे सहा.
दुसऱ्याचे एकदा नऊ भरले, एकदा दहा.
तिसऱ्यांदा मोजायला धीर झाला नाही.

पुस्तकात चार जणी शेजारीशेजारी,
सख्ख्या बहिणींसारख्या एकाच तोंडवळ्याच्या.
एकीच्या गालावर दोन रेघा, दुसरीच्या तीन,
तिसरीचं नुसतं वर्णन, चित्र नाही,
आणि चौथीच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका,
कुणी तीट लावावी तसा.
माझ्या कुपीतलीची तीट पुसली गेली होती,
की लावलीच नव्हती कुणी?

परत गेले. नऊ आठवड्यांनी.

रंग कोणता होता, मी पोंडांगला विचारलं.
तो लाकडी चष्म्याच्या काचेत थुंकून
अंगठ्यानं पुसत बसला होता.
लाल, म्हणाला.
मग म्हणाला, लाल नव्हे,
इंजिनातून सांडलेलं रॉकेल उन्हात दिसतं तसा.
मग म्हणाला, बघितला कुठे,
ओंजळीत आली, ओंजळीतून बाटलीत गेली.

साइपा पलीकडे आठपाय धोपटत होती.
हात न थांबवता म्हणाली,
जे शिजत नाही त्याला आम्ही नाव ठेवत नाही.
पण राहते कुठे ते दाखवते, चल.
आणि शिडीनं खाली उतरली, लुगीसकट, छातीभर पाण्यात.

पुस्तक म्हणतं: बाहेरचा उतार, नितळ प्रवाह, वस्तीपासून लांब.
साइपानं दाखवला तिच्याच घराचा खांब,
समुद्राकडून तिसरा.
त्याच्या बुडाशी पालथं पडलेलं फुटकं पातेलं,
पातेल्यावर कोबीएवढं प्रवाळ.
वरच्या फळ्यांच्या फटींतून कुणीतरी ताट धुतलं,
भाताची शितं संथ उतरत आली,
आणि त्या शितांतली काही शितं
वळली.

वीस असतील. तीसही.
कुपीतली माझी एकटी नाही, तिची नातवंडं असावीत.
या कुळातल्या काही जणी दोन महिनेही जगत नाहीत;
मी काटे मोजत होते तेवढ्यात
इथे सगळा गोतावळा बदलला होता.

पोंडांगचा चष्मा मला सैल होता. पाणी आत येत होतं.
ठिपका होता.
ती वळली. नव्हता.
पर उभा केला तेव्हा पुन्हा होता,
की ती सावली होती पराची?
रॉकेलचा रंग मात्र होता,
अगदी पोंडांग म्हणाला तसा,
आणि लालही.
दम संपला. वर आले. पुन्हा खाली गेले.
कान दुखेपर्यंत खालीवर केलं.
एकही पकडली नाही. पकडायला हवी होती.

संध्याकाळी साइपाच्या ओट्यावर बसून
मी नवी चिठ्ठी लिहिली.
जातीचं नाव पेन्सिलीनंच, प्रश्नचिन्हासकट.
राहणार, हे मात्र शाईनं:
साइपाचं घर, तिसरा खांब, पातेल्यावर.
पोंडांग डोकावून म्हणाला,
तो खांब कुजलाय, पश्चिमेचा वारा सुटायच्या आत बदलायचाय.
बदला, मी म्हटलं,
पण पातेलं हलवू नका.

साइपानं आठपायाची एक नांगी माझ्या ताटात टाकली.
पातेलं माझं आहे,
ती म्हणाली.